रस्ता वर, घर खाली

दौंडात सरकारनं सगळ्यात जास्त पैसा कुठल्या वस्तीला दिला असेल, तर तो आमच्या वस्तीला, असं आमचे लोक अजून छाती फुगवून सांगतात. असेलही खरं. पैसा आला हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि कुठं गेला तेही पाहिलंय. बाकी ठिकाणी म्हणे पैसा मुरतो, पाझरतो, वाटेत गळतो. आमच्याकडं तसलं काही झालं नाही. तो थेट आमच्या दारात आला, खडी-सिमेंटमध्ये कालवला गेला आणि रस्ता म्हणून ओतला गेला. एकावर एक, एकावर एक. वस्ती वर यावी म्हणून योजना होती. वस्ती काही आली नाही, रस्ता मात्र आला.

वडील रेल्वेत गँगमन होते, पुढं मुकादम झाले. आम्ही मूळचे निमोण्याकडचे, मेंढरं राखणारे. आई जन्मली ती उघड्या माळावर आणि वाढली मेंढरांच्या मागं. लग्न होऊन आली ती रेल्वेच्या क्वार्टरात. तिथं भिंत होती, पण भिंत रेल्वेची. खिळा ठोकायचा म्हटला तरी कुणाला तरी विचारायचं. त्यामुळं वडील रिटायर झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा इतर बायका रडल्या, आई नाही रडली. फंडाच्या पैशातून रुळांपलीकडच्या वस्तीत जागा घेतली आणि तिनं गवंड्याच्या उरावर बसून घर बांधून घेतलं. दोनच खोल्या, वर पत्रा, पण जोतं असं उंच की गवंडी म्हणाला, "वहिनी, किल्ला बांधताय का?" आई म्हणाली, "व्हय. तुझं काय जातंय?"

दाराला दगडी पायऱ्या केल्या. संध्याकाळी सगळ्यात वरच्या पायरीवर ती तांदूळ निवडत बसायची आणि गल्लीतनं जाणाऱ्या-येणाऱ्याची झडती घ्यायची. कोण कुठं चाललंय, कशाला चाललंय, पिशवीत काय आहे. पन्नाशी उलटल्यावर बाईला पहिल्यांदा स्वतःचा उंबरा मिळाला होता. मरेपर्यंत आता इथनं हलायचं नाही, असं ती येईल त्याला सांगायची. कुणी विचारलेलं नसलं तरी सांगायची.

वस्तीत आमच्यासारखेच बरेच होते. रिटायर गँगमन, कीमन, फाटकवाले. काही आमच्यातले, काही बौद्ध, एकाच गँगमध्ये पहारी मारून एकाच वयात पाठ धरलेली माणसं. त्यांच्या कामाची एक रीत होती. रूळ खचला, खाली पाणी साठलं, की सगळे पहारी लावून उभे राहायचे आणि मुकादमाच्या तोंडाकडं बघायचे. मुकादम "उचला" म्हणाला की सगळ्यांनी एकदम जोर करायचा, रूळ वर घ्यायचा, खाली खडी ठासायची. मुकादमाच्या आधी कुणी तोंड उघडायचं नाही, कारण एकानं जरी आगाऊपणा केला तर दुसऱ्याचा पाय जायचा. रीत चांगली होती, पाय शाबूत राहिले. पण ही माणसं रिटायर झाली तरी रीत काही रिटायर झाली नाही. लग्नात पंगत कधी बसवायची, नळावरचं भांडण कधी मिटवायचं, सगळे माझ्या वडिलांच्या तोंडाकडं बघत बसायचे.

अशा वस्तीत पहिल्यांदा निधी आला तो नव्वद सालानंतर कधीतरी. मी तेव्हा कॉलेजात होते. समाजमंदिराच्या ओट्यावर खुर्च्या मांडल्या, साहेब आले, ओव्हरसियर आले, आणि साहेबांनी विचारलं, "बोला, तुम्हाला काय पाहिजे?" उभ्या जन्मात या माणसांना कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. ती घाबरलीच. गल्लीत पावसाळ्यात पोटरीभर चिखल व्हायचा, संडास नव्हता, गटार नव्हतं, मागायला हजार गोष्टी होत्या. सगळ्यांनी माना वळवून वडिलांकडं पाहिलं. वडिलांनी घसा साफ केला. पाणी साठतंय ना? मग पाणी साठलं की काय करतात हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं.

"रस्ता उचला," ते म्हणाले.

"व्हय, उचला," सगळी गँग म्हणाली.

साहेबांचा चेहरा असा खुलला, की काय सांगू. गटार मागितलं असतं तर उतार काढावा लागला असता, कुणाच्या तरी दारातनं न्यावं लागलं असतं, भांडणं झाली असती. रस्ता म्हणजे काय, डंपर आणायचा आणि ओतायचं. असे शहाणे लोक मला कुठल्याच वस्तीत भेटले नाहीत, असं साहेब म्हणाले. ते मात्र खोटं नव्हतं.

आईनं त्याच संध्याकाळी विचारलं होतं, "रस्ता वर घेतल्यावर पाणी जाणार कुठं?"

"खाली."

"खाली आपण हाय."

वडील हसले. बायकांना लाइनीतलं काय कळतं, असं ते हसू होतं. पण त्यांनी एक साधी गोष्ट ध्यानात घेतली नव्हती. रुळाच्या कडेला गँगमनचं घर नसतं. तिथं रूळ उचलायचा, पाणी कुणाच्या तरी रानात जायचं, आणि पहार खांद्यावर टाकून आपण घरी जायचं. इथं पहार खांद्यावर टाकून कुठं जाणार?

मुरूम पडला, खडी पडली, वर काँक्रीट झालं. नारळ फुटला, पेढे वाटले. गल्ली अशी चकचकीत, की पोरं रात्री त्यावरच झोपायची. आईची खालची पायरी गेली. गेली तर गेली, अजून पायऱ्या होत्या. पण त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं पाणी शेजारच्या आळीत शिरलं. त्या आळीत एक आप्पा होते, वडिलांच्याच गँगमधले कीमन, वडिलांचे जिवलग आणि म्हणूनच पक्के वैरी. त्यांनी पुढच्या निधीला त्यांचा रस्ता आमच्यापेक्षा वीतभर उंच करून घेतला. आता पाणी आमच्याकडं. मग काय, इज्जतीचा सवाल. त्याच्या पुढच्या वर्षी आमचा रस्ता त्यांच्यापेक्षा वीतभर वर. दोन्ही आळ्या अशा ईर्ष्येनं वर चालल्या होत्या, की बघणाऱ्याला वाटावं आभाळात जागा धरायचीय.

आणि दरवर्षी मार्च यायचा. मार्च आला की ऑफिसातनं एक क्लार्क सायकल हाणत यायचा आणि सांगायचा, "लवकर ठरवा, नाहीतर निधी परत जाईल." निधी परत जाईल या तीन शब्दांची आमच्या लोकांनी जेवढी धास्ती घेतली, तेवढी त्यांनी कधी रुळावर अंगावर येणाऱ्या मेलगाडीची पण घेतली नव्हती. दारात आलेलं वऱ्हाड परत चालल्यासारखी नुसती धांदल उडायची. परत म्हणजे कुठं, तिथं त्याचं काय होतं, कुणी पाहिलेलं नव्हतं. पण जाऊ द्यायचा नाही. मग रस्ता उचला.

दुसरं काही मागायचं कुणाला सुचलंच नाही असं नाही. सुचलं, पण उशिरा. एका वर्षी नळाची लाइन आली, ती पुढच्या थराखाली गेली, फुटली, आणि कुठं फुटली ते कुणाला सापडेना. हापसा तर एवढा खचल्यासारखा दिसायला लागला, की बायका उकिडवं बसून हापसायच्या. योजनेचा बोर्ड होता, लोखंडी, निळा. वर योजनेचं नाव आणि खाली उद्घाटनाच्या पाहुण्यांची नावं. तर पाहुण्यांची नावं आधी गाडली गेली. एवढा एकच न्याय मी त्या रस्त्याकडनं झालेला पाहिला.

आईच्या पायऱ्या संपल्या. मग जोतं संपलं. मग एका पावसाळ्यात पाणी उंबऱ्यावरनं आत आलं आणि पिठाचा डबा तरंगत चुलीपाशी गेला. आईनं तो पावसाळा पलंगावर मांडी घालून काढला. वडील म्हणाले, त्यात काय, आतनं भरून घेऊ. मग घरात मुरूम टाकला, फरशी वर घेतली. वर्ष-दोन वर्षांनी परत टाकला. पत्रा होता तिथंच होता. पंखा काढावा लागला, कारण तो डोक्यालाच लागायचा. आई ठेंगणी, तिचं निभावलं. वडील मात्र चांगले उंचेपुरे. रस्त्याला उंची देता देता या माणसाला स्वतःच्या घरात मान वाकवून चालायची पाळी आली. बाहेर मुकादम, आत कुबडा. मला हसू यायचं आणि हसले की आई मारायला उठायची.

माझं लग्न शिरूरला झालं. मालक रांजणगावच्या एका कंपनीत, शिफ्टला. बघायला आले तेव्हा त्यांच्या मामांनी दारातच कपाळमोक्ष करून घेतला आणि हळदीचा लेप लावून माझी पसंती केली. मालक अजून म्हणतात, "तुझ्या माहेरी देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यासारखं शिरावं लागतं. फरक एवढाच, की आत देवाच्या जागी तुझी आई." मी म्हणते, "मग नमस्कार करत जावा."

आई मात्र दर मार्चला वडिलांच्या मागं लागायची. "आवंदा न्हाई म्हणा की."

"माझ्या एकट्याच्या दाराचा प्रश्न हाय का? सगळ्या गँगचं हाय."

"गँग कवाच मोडली. आता घरं हायत."

हे ती म्हणायची ते वडिलांना कळत नव्हतं असं नाही. पण सगळी वस्ती आपल्या तोंडाकडं बघते, आणि आपण एक शब्द बोललो की डंपर हलतो, ही चव एकदा लागली की सुटत नाही. नोकरीत रूळ उचलले त्याला कुणी हार घातला नव्हता. इथं प्रत्येक थराला हार होता.

मग तो शेवटचा निधी आला. मला दोन लेकरं झाली होती तेव्हा. हा निधी मोठा होता, नुसता रस्ता नाही, वस्तीचा कायापालट होणार होता. कायापालट म्हणजे काय ते विचारल्यावर कळलं, की रस्ताच, पण जाड. ओव्हरसियर आला आणि घराघरांच्या भिंतीवर लाल रंगानं रेघ ओढून गेला. नवा रस्ता कुठवर येणार ती ती रेघ. आमच्या भिंतीवर ती खिडकीच्या मधनं गेली आणि दाराचा निम्मा गळा कापून पुढं गेली. म्हणजे दार उघडणार नाही. उघडलं तरी माणूस रांगत बाहेर येणार. आणि पहिल्या पावसात सगळ्या गल्लीचं पाणी आत.

आईनं ओव्हरसियरला विचारलं, "आरं बाबा, मग मी जाऊ कुठनं, येऊ कुठनं?"

तो रस्त्यावर उभा होता, आई खाली दारात. उंटावरनं शेळ्या हाकतात म्हणतात ते मी पुस्तकात वाचलं होतं, इथं बघायला मिळालं. "आजी, वरती एक मजला चढवा," तो म्हणाला. "हे तळघर होईल. सामान ठेवायला छान."

"मजल्याला पैसं सरकार देतंय का?"

"त्याचं हेड वेगळं असतं."

आईनं मला शिरूरहून बोलावून घेतलं. मी आले तर ती त्या लाल रेघेवर बोट ठेवून उभी. मला म्हणाली, "हितवर गाडत्यात मला." आणि तिचे डोळे भरून आले. मी आईला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. आजोबा गेले तेव्हाही नाही.

मीटिंगच्या दिवशी सकाळी तिनं वडिलांपुढं भाकरी वाढली आणि ताटाला हात लावायच्या आत समोर बसली. "संसारात तुमच्याकडं कवा काय मागितलं न्हाई. आज एक मागते. सायबाला नको म्हणून सांगा."

वडिलांनी भाकरी मोडली, नजर भाकरीवरच. मान वाकलेलीच होती, त्यामुळं लाजलेत की पत्रा चुकवतायत ते कळेना. मग म्हणाले, "मी उचला म्हणत न्हाई. मग तर झालं?"

"झालं," आई म्हणाली, आणि तिनं त्यांना दुधाची साय वाढली. तिच्या तोंडावर असा उजेड, की मलाही वाटलं, चला, सुटलो.

समाजमंदिरात सगळी वस्ती जमली. साहेब नवे होते, तरुण, सज्जन, घड्याळाकडं बघणारे. अजून बऱ्याच वस्त्यांचा कायापालट त्यांना त्याच दिवशी उरकायचा होता. त्यांनी नकाशा दाखवला, कागद वाचून दाखवला आणि विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?"

मी उठून विचारलं, "साहेब, पाणी कुठं जाणार?"

"ड्रेनेजचं एस्टिमेट वेगळं असतं ताई. ते पुढच्या टप्प्यात."

आई बायकांच्या बाजूला बसली होती, ती अर्धवट उठली. "सायेब, माझं घर..." क्लार्क म्हणाला, "मावशी, महिलांचे प्रश्न नंतर घेऊ." आई खाली बसली, पण घाबरली नाही. तिनं वडिलांकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. आप्पांनीसुद्धा पाहिलं, आणि मी पैजेवर सांगते, आप्पांच्याही घरात पंखा काढलेला होता. त्या दिवशी वडिलांनी एकदा नको म्हटलं असतं, तर सगळी गँग "व्हय, नको" म्हणाली असती. वाटच बघत होते सगळे.

वडील गप्प बसले. हात गुडघ्यावर, नजर चपलांवर. घसाही साफ केला नाही. तेव्हा मला राग आला होता, पण पुढं कळलं, ते त्यांच्या परीनं शब्द पाळत होते. लाइनीवर मुकादम गप्प राहिला तर पहारी जागच्या जागी राहतात, रूळ तसूभर हलत नाही. थांबवायला तिथं कुणी ओरडत नाही, नुसतं बोलायचं नाही, की काम थांबतं. सबंध नोकरीत हेच खरं ठरलं होतं. त्यांनी तोंड मिटलं होतं, म्हणजे त्यांच्या मते रस्ता थांबलेला होता.

ऑफिसात मात्र दुसरी रीत असते. साहेबांनी सगळीकडं एकवार पाहिलं आणि क्लार्कला म्हणाले, "कुणाचा विरोध नाही. सर्वानुमते मंजूर, असं घ्या." क्लार्कनं टाळी वाजवली. त्याच्यामागनं ओव्हरसियरनं वाजवली. मग हळूहळू वस्तीनंही वाजवली, कारण साहेबांपुढं हात मोकळे ठेवून बसणं बरं दिसत नाही. साहेबांनी वडिलांना पुढं बोलावून गुलाबांचा गुच्छ दिला. असे समजूतदार ज्येष्ठ प्रत्येक वस्तीत हवेत, म्हणाले. वडिलांनी तो घेतला. काय करणार, देणारा हात पुढं होता.

घरी येताना वडील आईला सांगत होते, "बघ, बोललो का? एक शब्द न्हाई काढला. आता काय हलत न्हाई." गुच्छ त्यांच्या हातात होता. आई पदर सावरत पुढं चालत राहिली. मला वाटलं तिला कळलं नसेल. तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

मार्चच्या आतच डंपर आले. रेघ जिथं ओढली होती, अगदी तिथवर रस्ता आला. सरकारी काम एवढं नेमकं मी पुन्हा पाहिलं नाही. वडिलांनी दार काढून ती जागा चिणून टाकली, खिडकीचे गज कापले आणि तिथनं जायची-यायची वाट केली. आतनं स्टूल, बाहेरनं रस्ता. आईचे गुडघे गेलेले. आठवडाभर ती घराबाहेर आलीच नाही. शेजारणी रस्त्यावर उकिडव्या बसून वाकून तिच्याशी बोलायच्या, तर ती लुगड्याचा पदर तोंडावर ओढून घ्यायची. मालकांनी टेम्पो ठरवला आणि आम्ही तिला शिरूरला न्यायला गेलो. दोघांनाही न्यायचं म्हणत होतो. वडील म्हणाले, घराला कुणी तरी पाहिजे.

पेटी बाहेर गेली, वळकटी गेली, देव गेले. आई स्टुलावर चढली. वडील वर रस्त्यावर उभे होते, पाठ सरळ, मान सरळ, कारण बाहेर पत्रा नव्हता. ते वाकले आणि तिला वर घ्यायला त्यांनी हात पुढं केला. आयुष्यभर रूळ उचललेला हात. मला त्या माणसाचा राग आला होता, आणि त्याच क्षणी तो हात आपणच धरावा असंही वाटलं.

"मी उचला म्हणालो न्हाई गं," ते म्हणाले. "तुझ्या गळ्याशपथ. एकदा पण न्हाई म्हणालो."

आईनं तो हात धरला नाही. खिडकीच्या कडेला दोन्ही कोपरं टेकून, गुडघ्यावर, सगळी वस्ती बघत असताना ती स्वतःच वर आली. लुगडं झटकलं.

"नको तरी कुठं म्हणालात?" ती म्हणाली, आणि टेम्पोत जाऊन बसली.